अंबाडीचे पान, गांजाचे नाव

१७८५ साली बारामतीत कवी मोरोपंत हे नाईकांच्या आश्रयाला राहून आर्या रचत होते. त्याच वर्षी पॅरिसमध्ये लामार्क नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ भारतातून आलेल्या काही वाळक्या फांद्यांकडे बघून एका कोड्यात पडला होता. फांद्या सोनेरा या फ्रेंच प्रवाशाने गोळा करून नेल्या होत्या. युरोपात ज्या झाडाच्या सालीपासून दोर आणि शिडाचे कापड करत, त्या झाडासारख्याच त्या दिसत होत्या, पण हुबेहूब नव्हत्या. पानाच्या पाकळ्या जास्त अरुंद होत्या आणि टोकाकडे निमुळत्या होत गेल्या होत्या. पाने समोरासमोर न येता एकाआड एक आली होती. खोड टणक आणि साल इतकी पातळ, की तिच्यातून वाख निघणे अवघड. शिवाय हिंदुस्थानातले लोक हे झाड दोरांसाठी लावत नाहीत, नशेसाठी लावतात, हेही त्याला कळले होते.

त्याच्या बत्तीस वर्षे आधी, १७५३ मध्ये, लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने या झाडाची एकच जात मानून तिला ‘कॅनाबिस सॅटायव्हा’ असे नाव दिले होते. लामार्कने आता दुसरी जात वेगळी काढली आणि ‘कॅनाबिस इंडिका’ हे नाव छापून टाकले. पुरावा मुख्यतः पानांचा आणि खोडाचा होता. पानावरून गांजा ओळखायचा आणि पानावरूनच त्याची प्रत, कूळ आणि नशा ठरवायची, या सव्वादोनशे वर्षांहून जुन्या वादाला तिथून तोंड फुटले. या वादात पॅरिस आणि कलकत्ता जितके येतात, तितकाच दख्खनचा कोरडवाहू शेतकरीही येतो. बारामती-इंदापूरकडच्या बाजरीच्या कडेला उभ्या राहणाऱ्या एका वेगळ्याच झाडाने या गोंधळात भर घातली. ते झाड म्हणजे अंबाडी.

मात्र पहिला प्रश्न पॅरिसात पडला नव्हता. तो त्याच्या दोन शतके आधी गोव्यात पडला होता.

गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये हिंदुस्थानात आला आणि उरलेले आयुष्य त्याने गोव्यात काढले. १५६३ मध्ये गोव्याच्याच छापखान्यात त्याचे औषधी द्रव्यांवरचे पुस्तक निघाले. पुस्तक संवादाच्या रूपात आहे. रुआनो नावाचा एक काल्पनिक विद्वान प्रश्न विचारतो आणि ओर्ता उत्तरे देतो. भांगेचे प्रकरण आले की रुआनोला वाटते, हे तर आपल्या युरोपातले दोरा-कापडाचे झाड. ओर्ता ते मानत नाही. बी लहान आहे, तितके पांढरे नाही, आणि इथले लोक यापासून कापड करत नाहीत, असे तो सांगतो. भांग म्हणजे मुख्यतः कुटलेली पाने, हेही त्याने नोंदवले आहे. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने मार्तिम अफोन्सो द सौझा या पोर्तुगीज अधिकाऱ्याला सांगितलेली गोष्ट त्यात आहे: रात्री झोपेत पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान फिरून यावेसे वाटले की थोडी भांग खाल्ली म्हणजे झाले. आपल्या नोकरांनी आपल्या नकळत भांग घेतली आणि काम जाणवेनासे झाले, मन खूश राहिले, भूक लागली, असे त्यांनीच सांगितल्याचे ओर्ता लिहितो. सोळाव्या शतकातल्या वैद्यकाच्या पुस्तकात घरातल्या गड्यांची साक्ष इतक्या सरळपणे क्वचितच येते.

ओर्ताने पानाच्या आकाराला महत्त्व दिले नाही. त्याने बी पाहिले, उपयोग पाहिला आणि खाणाऱ्यांना विचारले. पुढच्या दोन शतकांत हे शहाणपण मागे पडले.

१६९० मध्ये ॲमस्टरडॅमला ‘हॉर्तुस मलबारिकस’ या प्रचंड ग्रंथाचा दहावा खंड निघाला. डच अधिकारी व्हान रीड याने मलबारच्या वनस्पतींची मोठमोठी चित्रे काढवून घेतली होती. त्याच्या मदतनिसांत रंगभट, विनायक पंडित आणि आपुभट हे तीन कोकणी वैद्य होते आणि त्यांनी नागरी लिपीत लिहून दिलेले कोकणी प्रमाणपत्र ग्रंथात छापलेले आहे. या दहाव्या खंडात गांजाची दोन चित्रे दोन वेगवेगळ्या नावांनी दिली आहेत. खरे तर एक नराचे आहे आणि दुसरे मादीचे. या झाडात नर आणि मादी वेगवेगळ्या रोपांवर असतात, आणि पाने पाहून त्यांत फरक करता येत नाही. फुलोरा येईपर्यंत थांबावे लागते. नर कोणते आणि मादी कोणती, याचा घोळ हिंदुस्थानात पुढे दोनशे वर्षे चालला. युरोपातले शेतकरीही काही शहाणे नव्हते. तिथे तर शतकानुशतके धडधाकट मादी रोपाला नर आणि लवकर वाळून जाणाऱ्या नराला मादी म्हणत.

आता दख्खनकडे वळू. हिमालयाच्या पायथ्याशी, कुमाऊँ-गढवालपासून बिहारच्या तराईपर्यंत, भांग, म्हणजे गांजाचेच झाड, रस्त्याच्या कडेला, उकिरड्यावर, पडीक जागेत आपोआप उगवते. तिकडच्या पोराला तिचे पान माहीत असते. दख्खनमध्ये तसे नाही. इथे भांग रानटी नाही. कोणीतरी मुद्दाम लावल्याशिवाय उगवत नाही. गोसावी, बैरागी आणि फकिरांच्या चिलमीतला गांजा सगळ्यांनी पाहिलेला असे, पण त्याचे उभे झाड फार थोड्यांनी पाहिलेले असे. त्यामुळे दख्खनच्या माणसाच्या डोळ्यांपुढे बोटांसारख्या फाटलेल्या, दातेरी कडांच्या पानाचे जे ओळखीचे झाड होते, ते गांजाचे नव्हते. ते अंबाडीचे होते.

१८८५ साली जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली पुणे जिल्ह्याचे गॅझेटियर निघाले. त्यात जिल्ह्यातल्या वाखाच्या पिकांत ताग आणि अंबाडी येतात. अंबाडीला वेगळे शेत क्वचितच मिळे. बाजरी, तूर, हुलगा यांच्या कडेने किंवा मधल्या ओळींत तिचे चार दाणे टाकत. कोवळी असताना भाजीला, मोठी झाली की वाखाला. झाडे कापून, पेंढ्या बांधून ओढ्यात किंवा डबक्यात भिजत घालायच्या, साल सुटली की धुऊन वाख काढायचा आणि त्याची चऱ्हाटे, दावी, कासरे, मोटेचे नाडे वळायचे. दोर वळणे हा मुख्यतः मांग समाजाचा धंदा होता आणि गावगाड्यात त्याला बलुत्याचा हक्क होता. बागायतीची सगळी मदार मोटेवर, आणि मोटेची मदार नाड्यावर. म्हणजे बांधावरची ही चार झाडे वरून दिसतात तितकी किरकोळ नव्हती.

इंदापूर हा तर जिल्ह्यातला अगदी कोरडा तालुका. १८७६-७७ च्या दुष्काळात नीरेच्या डाव्या कालव्याचे काम निघाले आणि १८८५ मध्ये, गॅझेटियर निघाले त्याच वर्षी, वीरच्या बंधाऱ्यावरून निघालेले पाणी बारामतीकडे आणि पुढे इंदापूरकडे वाहू लागले. जिथे पाणी गेले तिथे ऊस गेला. अंबाडी मात्र कालव्यापलीकडच्या बाजरीच्याच सोबतीला राहिली.

लिनियसने १७५९ मध्ये या अंबाडीला ‘हिबिस्कस कॅनाबिनस’ म्हटले. भांगेसारख्या पानाची जास्वंद, असा त्याचा भाव. साम्य केवळ पानाचे होते. झाडाचे कूळ जास्वंदीचे आणि भेंडीचे; भांगेशी त्याचे नातेही नाही. नाव मात्र चिकटले आणि इंग्रजांच्या व्यापाराने ते आणखी घट्ट केले. ब्रिटिश आरमाराला दोरांसाठी रशियाचा हेंप लागे. रशियाशी बिनसले की हिंदुस्थानात पर्याय शोधण्याची धावपळ व्हायची. क्रिमियाचे युद्ध चालू असताना, १८५५ मध्ये, फोर्ब्स रॉयल याचा हिंदुस्थानातल्या वाखाच्या वनस्पतींवरचा ग्रंथ निघाला, त्यात आपली अंबाडी ‘दख्खनी हेंप’ म्हणून येते. आपला ताग ‘सन हेंप’ झाला आणि भांग नुसती ‘हेंप’. तीन वेगवेगळ्या कुळांतली तीन झाडे सरकारी दप्तरात एकाच आडनावाची झाली. मुंबईच्या वखारीतला व्यापारी यात फसत नसे, कारण तो वाख हातात घेऊन ओढून बघे. फसायचे ते कागद वाचणारे.

हे कागद १८९३ मध्ये एकदम महत्त्वाचे झाले. ब्रिटिश पार्लमेंटात डब्ल्यू. एस. केन या दारूबंदीवादी सभासदाने प्रश्न विचारला की हिंदुस्थानात गांजाची लागवड, व्यापार आणि लोकांवरचा त्याचा परिणाम यांची चौकशी सरकार करणार का? त्यातून इंडियन हेंप ड्रग्ज कमिशन नेमले गेले. सात सभासद, त्यांतले तीन हिंदुस्थानी. मुंबई इलाख्यातून पंचमहालचे कलेक्टर ओमॅनी त्यात होते. ऑगस्ट १८९३ पासून वर्षभर हे मंडळ देशभर फिरले, ११९३ साक्षीदारांच्या साक्षी झाल्या आणि अहवालाचे खंडच्या खंड छापले गेले.

साक्षीदारांना दिलेल्या प्रश्नावलीत सत्तर प्रश्न होते. अगदी सुरुवातीलाच विचारले होते की तुमच्या भागात हे झाड आपोआप उगवते का, त्याला कोणकोणती नावे आहेत आणि ती सगळी नावे नेमक्या एकाच झाडाची आहेत का? प्रश्न साधे वाटतात, पण तीन निरनिराळ्या झाडांना ‘हेंप’ म्हणणाऱ्या राज्यकर्त्यांना ते आधी स्वतःलाच विचारावे लागले होते. कमिशनची ही शिस्त मला त्याच्या निष्कर्षांइतकीच मोलाची वाटते. किती गांजा पिकतो, किती जण ओढतात, किती जण वेडे होतात, हे मोजण्याआधी आपण कोणत्या झाडाबद्दल बोलतो आहोत हे त्यांनी निश्चित करून घेतले.

शास्त्रीय बाजू डेव्हिड प्रेन याने आधीच मांडून ठेवली होती. हा कलकत्त्याजवळच्या शिवपूरच्या वनस्पती उद्यानातला तज्ज्ञ. बंगाल सरकारसाठी १८९३ मध्येच त्याने गांजाच्या लागवडीवर अहवाल लिहिला होता. त्याचा निवाडा लामार्कच्या विरुद्ध होता. युरोपातले झाड आणि हिंदुस्थानातले झाड यांना वेगळ्या जाती ठरवता येईल असे एकही पक्के वनस्पतिशास्त्रीय लक्षण त्याला सापडले नाही. पानांची रुंदी, उंची, फांद्यांची ठेवण हे सगळे हवा, जमीन आणि माणसाची निवड यांनी घडवलेले फरक आहेत, झाड मुळात एकच.

बंगालात राजशाहीकडच्या नवगाव भागात सरकारी परवान्याने गांजा पिके. तिथे एक खास जाणकार असे. त्याला पोद्दार म्हणत, परखदार म्हणत. इंग्रजांनी त्याला गमतीने ‘गांजाचा डॉक्टर’ हे नाव दिले होते. तो शेतातून रोप न् रोप बघत जाई आणि नर रोपे उपटायला सांगे. मादीला बी धरले की मालाची किंमत पडते, म्हणून ही तयारी. अनुभवी शेतकऱ्यालाही हे काम जमत नसे, म्हणून तर पोद्दाराला मजुरी मिळे. तो पानाच्या आकारावर विसंबत नसे. पान जिथे खोडाला मिळते त्या बेचक्यात कळी कशी उमलते आहे, याकडे त्याची नजर असे. मुंबई इलाख्यातली परवान्याची लागवड मुख्यतः नगर जिल्ह्यात होती, म्हणजे इंदापूरपासून भीमा ओलांडून उत्तरेला. १८७८ च्या अबकारी कायद्याने तिच्यावर सरकारचे नियंत्रण होते आणि माल सरकारी परवान्यावाचून हलत नसे.

१८९४ मध्ये कमिशनचा निष्कर्ष आला. बेताने घेतलेल्या भांग-गांजाने सहसा मोठे नुकसान होत नाही, अतिरेकाने होते. सरसकट बंदी घालणे योग्य नाही, कर आणि परवाने यांनी आवर घालावा. वेड्यांच्या इस्पितळांतल्या नोंदी तपासल्या तेव्हा अनेक ठिकाणी ‘कारण: गांजा’ हा शेरा कोणत्याही चौकशीवाचून मारलेला निघाला. अहवाल कपाटात गेला. पण पान, झाड आणि नशा या तीन गोष्टी वेगवेगळ्या ठेवून तपासायला हव्यात, हे त्याने सरकारी भाषेत पहिल्यांदा नोंदवून ठेवले.

आणि मग, अगदी अनपेक्षितपणे, पानाच्या आकाराचा खरा शास्त्रीय उपयोग झाला तो गांजासाठी नव्हे, अंबाडीसाठी.

अल्बर्ट हॉवर्ड आणि गॅब्रिएल हॉवर्ड हे जोडपे बिहारमधल्या पुसा संशोधन संस्थेत काम करत होते. अल्बर्ट पुढे सेंद्रिय शेतीचा पुरस्कर्ता म्हणून जगभर गाजला. गॅब्रिएल स्वतः उत्तम वनस्पतिशास्त्रज्ञ होती, पण तिच्या वाट्याला नाव थोडे आले. १९११ मध्ये या दोघांनी अंबाडीवरचा अभ्यास सरकारी कृषी खात्याच्या ग्रंथमालेत छापला. शेतकऱ्याच्या घरातले अंबाडीचे बी म्हणजे सरमिसळ असते, हे त्यांनी दाखवून दिले. एकाच ओळीत काही झाडांची पाने अखंड, हृदयाच्या आकाराची. काहींची बोटांसारखी खोल फाटलेली. खोड कुठे हिरवे, कुठे तांबडे, कुठे जांभळे. त्यांनी एकेका झाडाचे बी वेगळे ठेवले, फुले बंद करून परपरागीकरण टाळले आणि पिढ्या बघितल्या. पानाचा आकार आणि खोडाचा रंग टिकून राहिले. मग त्यांनी अंबाडीचे पाच प्रकार पाडले. सिंप्लेक्स हे नाव अखंड पानावरून पडले; व्हिरिडिस, रुबर आणि पर्पुरियस ही नावे हिरव्या, तांबड्या, जांभळ्या रंगांवरून; आणि पाचवा व्हल्गारिस, म्हणजे सामान्य.

यात एक मुद्दा नीट समजून घेतला पाहिजे. पान फाटलेले की अखंड, हे अंबाडीत आनुवंशिक असते आणि त्यात फाटलेले पान वरचढ ठरते. त्यामुळे बियाणे शुद्ध आहे की भेसळीचे, हे रोप गुडघाभर झाले की डोळ्यांनी कळते. अखंड पानाच्या वाणात एक जरी फाटक्या पानाचे रोप दिसले, तर ते उपटून टाकायचे. वाण राखायला याहून स्वस्त खूण नाही. पण पानाने वाखाचे वजन किंवा ताकद सांगता येत नाही. ते शेवटी झाड कापून, भिजवून, वाख काढूनच मोजावे लागते. पान हे वाणाचे आडनाव सांगते, गुण सांगत नाही. गांजाच्या बाबतीत शास्त्रज्ञांना आणि न्यायालयांना ही गोष्ट कळायला आणखी साठ-सत्तर वर्षे लागली.

दुसऱ्या महायुद्धात आशियातले ज्यूट मिळेनासे झाले तेव्हा अमेरिकेने क्यूबात अंबाडीची पैदास सुरू केली. हॉवर्ड दांपत्याने पाडलेले प्रकार तिथल्या पैदासकारांना ओळखीचे होते. नंतर अमेरिकेच्या दक्षिणेत अंबाडी लावणाऱ्यांना एक भलताच उपद्रव झाला: रस्त्यावरून जाणाऱ्यांना ते गांजाचे शेत वाटे. लिनियसने पानावरून दिलेले नाव दोनशे वर्षांनी असे महागात पडले.

१९७० च्या दशकात अमेरिकी न्यायालयात एक विनोदी वाटणारा पण गंभीर खटला वारंवार उभा राहिला. कायद्यात बंदी ‘कॅनाबिस सॅटायव्हा’वर आहे, माझ्या अशिलाकडे सापडलेले झाड ‘इंडिका’ आहे, म्हणजे गुन्हा नाही, असा युक्तिवाद बचावाचे वकील करत. साक्षीला हार्वर्डचे रिचर्ड शुल्टेस आले. १९७४ मध्ये शुल्टेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या झाडाच्या एकाहून जास्त जाती असल्याचे मांडले होते. अफगाणिस्तानात त्यांनी बुटकी, दाट, रुंद पाकळ्यांच्या पानांची झाडे पाहिली होती आणि त्यावरून त्यांचे मत बदलले होते. विरुद्ध बाजूला कॅनडाचे अर्नेस्ट स्मॉल. १९७६ मध्ये स्मॉल आणि क्रॉनक्विस्ट यांनी लिहिले की जात एकच, फरक नशेच्या रसायनाच्या प्रमाणाचा. त्यांनी सुचवलेली ०.३ टक्के ही मर्यादा आज अनेक देशांच्या कायद्यांत तशीच बसली आहे. न्यायालयांनी बहुधा वकिलांचे ऐकले नाही. कायदेमंडळाला सगळाच गांजा अभिप्रेत होता, असे त्यांनी म्हटले.

१९८० मध्ये लोरन अँडरसन यांनी एकाच बागेत, एकाच हवेत वाढवलेल्या झाडांची पाने मोजून चित्रांसह लेख छापला. मधल्या पाकळीची लांबी आणि रुंदी यांचे प्रमाण त्यांनी जातीची खूण म्हणून मांडले. ती चित्रे आजही सगळीकडे फिरतात: अरुंद पान म्हणजे सॅटायव्हा, रुंद पान म्हणजे इंडिका. इथे इतिहासाने लामार्कची चांगलीच फजिती केली आहे. त्याने ज्या झाडाला इंडिका म्हटले ते भारतातले, अरुंद पाकळ्यांचे होते. आज बाजारात इंडिका म्हणतात ते अफगाणी कुळाचे, रुंद पानाचे. म्हणजे ज्या खुणेवर नाव दिले गेले, त्याच खुणेच्या उलट ते वापरले जाते आहे. परदेशातल्या पैदासकारांनी अफगाणी आणि भारतीय वंशांचे इतके संकर केले, की रुंद पान फार तर ‘याच्या पूर्वजांत कुणी अफगाणी होता’ एवढेच सांगते. २०१५ मध्ये जनुके तपासली गेली तेव्हा विक्रेत्यांची ही लेबले आणि झाडाचे खरे नाते यांचा मेळ फारसा बसला नाही.

शिवाय पानावर विसंबण्यात एक जुनी अडचण आहेच. एकाच झाडावर सगळी पाने सारखी नसतात. रोपाचे पहिले खरे पान एकपाकळी, मग तीन, पाच, सात, कधी नऊ पाकळ्या, आणि शेंड्याकडे फुलोरा येताना पुन्हा कमी. कोणते पान तोडले यावर उत्तर बदलते. ही अडचण गणिताने सोडवण्याचा चांगला प्रयत्न २०२४ मध्ये ‘न्यू फायटोलॉजिस्ट’ या नियतकालिकात छापला गेला. स्पेन आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी शेकडो पानांच्या पाकळ्यांची बाह्यरेखा मोजली आणि पाकळ्यांची संख्या कितीही असली तरी तुलना करता येईल असे पानाचे प्रारूप बनवले. त्यावरून झाडाचा वाण आणि वय बऱ्याच अंशी ओळखता येते. पैदासकाराला हे उपयोगाचे आहे. रोप लहान असतानाच निवड करता येते. नशेबद्दल मात्र हे प्रारूप काही सांगत नाही आणि ते बनवणारे तसा दावाही करत नाहीत. हॉवर्ड दांपत्याने अंबाडीसाठी जे केले तेच, फक्त संगणकावर.

भारताने हा वाद १९८५ मध्ये एका वाक्यात मिटवला. अमली पदार्थांचा जो कायदा त्या वर्षी १४ नोव्हेंबरला लागू झाला, त्यात कॅनाबिसचे झाड म्हणजे त्या प्रजातीचे कोणतेही झाड अशी व्याख्या आहे. सॅटायव्हा-इंडिकाचा प्रश्नच ठेवला नाही. गांजाची व्याख्या त्याहून नेमकी आहे: फुलोऱ्याचे किंवा फळधारणेचे शेंडे. शेंड्यांसोबत नसतील तर पाने आणि बिया त्यातून वगळल्या आहेत. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारातही अशीच व्याख्या होती. म्हणजे जगभर गांजाचे चिन्ह म्हणून जे पान टी-शर्टावर छापतात, ते एकटे पान भारतीय कायद्याने गांजा नाही. जप्त मालात शेंडे किती आणि पाने, काड्या किती हे वेगळे मोजले का, हा प्रश्न त्यामुळे न्यायालयात वारंवार निघतो. एक किलोपेक्षा कमी अल्प आणि वीस किलोंच्या वर व्यापारी मात्रा धरली जात असल्याने या वजनावर शिक्षेची वर्षे ठरतात. लागवडीला मात्र अशी पळवाट नाही. परवान्यावाचून झाड लावले की गुन्हा, मग त्याला शेंडे आलेले असोत वा नसोत. शिक्षा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड.

बारामती-इंदापूरच्या शिवारात आज चित्र उलटे झाले आहे. नीरेच्या कालव्यामुळे आणि १९८० नंतर उजनी धरणाच्या फुगवट्यामुळे बाजरीची जागा बरीचशी उसाने घेतली. मोट गेली, नाडा गेला, प्लास्टिकची दोरी आली आणि अंबाडी बांधावरून घरामागच्या परसात आली. आता ती मुख्यतः भाजी म्हणून उरली आहे. कण्या घालून, वरून लसणाची फोडणी देऊन. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने उभा राहतो, पुरुषभर उंच वाढतो आणि आत काय आहे ते बांधावरून दिसत नाही. उसाच्या फडात किंवा मक्यात लपवलेली गांजाची झाडे पोलिसांनी उपटल्याच्या बातम्या पश्चिम महाराष्ट्रातून अधूनमधून येतात. बांधावर उघडी वाढणारी अंबाडी गांजाचे नाव घेऊन राहिली आणि खरा गांजा उसाच्या पानांआड गेला.

शेत ज्याच्या नावावर आहे त्याने हे एवढे लक्षात ठेवावे. आपल्या जमिनीत बेकायदा गांजा, अफू लावलेली कळली तर ताबडतोब पोलिसांना कळवणे हे कायद्याच्या कलम ४६ नुसार जमीनधारकाचे कर्तव्य आहे आणि जाणूनबुजून गप्प राहणे हा गुन्हा आहे. बटाईने किंवा खंडाने दिलेल्या शेतातही कागदावर नाव कुणाचे आहे, हे आधी बघितले जाते. कलम ४७ ने हीच जबाबदारी सरपंच, पंच आणि गावकामगारांवर टाकली आहे. आणि बांधावर दातेरी, बोटांसारखे पान दिसले म्हणून कुणाच्या परसातल्या अंबाडीची तक्रार करण्याआधी पान उलटे करून बघावे. अंबाडीचे पान कितीही फाटलेले असले तरी मुळात एकसंध असते आणि त्याच्या पाठीमागे मधल्या शिरेवर एक बारीक ग्रंथी असते. गांजाच्या पाकळ्या देठाच्या टोकाला सुट्या सुट्या जोडलेल्या असतात. तरीही शंका उरलीच तर फूल येईपर्यंत थांबावे: अंबाडीला जास्वंदीसारखे पिवळे, मध्ये गडद जांभळे फूल येते, गांजाला असे फूल कधीच येत नाही.